साडेपाच तासांचा फरक

ते प्रकरण माझ्या डोक्यातून आजही गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेच आता तपशिलात आठवत नाहीत. यात तर कोणाच्या अंगाला ओरखडाही आला नव्हता. तरी हेच आठवतं.

तेव्हा मी लातुरात पोलीस निरीक्षक होतो. क्लासेसचा सगळा भाग माझ्याच ठाण्याच्या हद्दीत यायचा. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला इथं यायची आणि आया खोल्या भाड्यानं घेऊन त्यांच्यासोबत राहायच्या. रविवारी चाचणी झाली की सोमवारी फलकावर निकाल लागायचा, आणि पुढचा आठवडा वर्गातल्या जागा त्याच क्रमानं. कालपर्यंत एका डब्यात जेवणाऱ्या मुली फलकासमोर एकमेकींकडं कशा बघायच्या, ते मी बंदोबस्ताच्या वेळी पाहिलं आहे. असूया त्या गल्लीत धुळीसारखी असायची. कोणाला तिचं नवल वाटत नव्हतं.

तक्रार घेऊन आले ते एक शाळामास्तर. त्यांच्यासोबत दोन मुली होत्या, एक पुतणी आणि एक त्यांची लेक. नावं मी सांगणार नाही. पुतणीचे आईवडील किल्लारीच्या भूकंपात गेले. ही तान्ही पोर तेवढी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली. मास्तरांची लेकही तेव्हा तान्हीच होती. मास्तरांच्या पत्नीनं दोघींना एकदमच अंगावर पाजून वाढवलं. दोघी एकाच शाळेत गेल्या, एकाच क्लासला बसल्या. फलकावर पुतणीचं नाव पहिलं असायचं, लेकीचं बरंच खाली.

गेले काही आठवडे क्लासच्या कार्यालयात, नातेवाइकांकडं निनावी ईमेल येत होते. पुतणी चाचणीचे पेपर आधीच मिळवते, पोरांबरोबर फिरते, असा मजकूर. शेवटचा ईमेल थेट तिलाच आला होता: क्लासला परत दिसलीस तर चेहरा ओळखू येणार नाही. त्या दिवसापासून तिनं घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. ती माझ्यासमोर बसली होती, पण एका शब्दानं बोलत नव्हती. सगळी हकिकत लेकीनंच सांगितली. मध्येच तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

गुन्हा नोंदवला. ईमेलचं खातं खोट्या नावाचं आणि सेवा देणारी कंपनी परदेशी. कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर नम्र होतं, पण नकारच. माहिती हवी असेल तर आमच्या देशाच्या कायद्यानं, सरकारमार्फत मागा. तोवर नोंदी पुसू नका एवढी विनंती मात्र त्यांनी मान्य केली. ती केली नसती तर पुढं काहीच हाती लागलं नसतं.

मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज केला. परदेशातल्या यंत्रणेसाठी न्यायालयाचं विनंतीपत्र निघालं. ते अधीक्षक कार्यालय, मंत्रालय, दिल्ली असं करत गेलं आणि बऱ्याच महिन्यांनी शेरा घेऊन परत आलं. त्यांचं म्हणणं, कोणाबद्दल वाईटसाईट लिहिणं हा आमच्याकडं गुन्हाच नाही. मग माहिती कशाच्या आधारावर द्यायची? दोन्ही देशांत जो गुन्हा आहे, त्यातच मदत मिळते. मी बदनामीचा भाग बाजूला ठेवला. इजा करण्याची धमकी पुढं घेतली, त्या ईमेलचं शब्दशः भाषांतर आणि मुलीचा जबाब जोडला, आणि प्रस्ताव पुन्हा पाठवला.

या मधल्या काळात मुलीचं वर्ष गेलं. मास्तर दर पंधरवड्याला येत आणि बाकावर बसून राहत. मी विचारलं की म्हणत, "पोरगी पुस्तक उघडते साहेब, पण पान उलटत न्हाई."

दरम्यान एका खानावळवाल्यानं खबर दिली. लोह्याचा एक मुलगा फलकावर कायम पुतणीच्या खाली, दुसरा असायचा. "हिला खाली आणल्याशिवाय राहत न्हाई," असं तो जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला होता. प्रकरण सुरू झाल्यावर तो लातूर सोडून नांदेडला मामाकडं गेला होता. संशयाला जागा होती, पुरावा नव्हता. मी थांबलो. मास्तरांना ते आवडलं नाही, वरिष्ठांनाही.

अखेर परदेशातून सीलबंद पाकीट आलं. खातं कुठून आणि कोणत्या वेळी उघडलं गेलं याच्या नोंदी, सोबत त्या खऱ्या असल्याचं कंपनीच्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र. त्यातला आयपी क्रमांक, म्हणजे इंटरनेट जोडणीचा पत्ता, लातूरचाच होता. स्थानिक इंटरनेट कंपनीला तारीख आणि वेळ कळवली. उत्तर आलं, क्लासच्याच गल्लीतला सायबर कॅफे. वसतिगृहातली सगळी पोरं तिथंच बसायची, लोह्याचा तो मुलगाही.

आम्ही त्याच दिवशी नांदेड गाठलं. मुलगा मामाच्या घरी होता. त्याला मामासमोरच बसवलं. साधारण अशा वेळी मुलं आधी नाकारतात, मग रडतात. यानं तसं काही केलं नाही.

"जळत होतो साहेब, खोटं बोलत न्हाई," तो म्हणाला. "ती म्होरं होती म्हणून मी पहाटं उठायचो. ती यायची बंद झाली आन् मी पहिला आलो. मग अभ्यासात मनच लागंना. म्हणून इकडं आलो. तिचं वाईट करून मला काय भेटणार?"

खोटं बोलणारा आपला हेतू लपवतो. यानं तो स्वतःहून पुढं ठेवला होता. मी त्याला ताब्यात घेतलं नाही. नांदेडवरून परत येताना गाडीत फाइल पुन्हा चाळली. धमकीचा ईमेल मुलीच्या खात्यात दुपारी आल्याची छापील प्रत होती. परदेशी नोंदीत मात्र तो पाठवल्याची वेळ सकाळची. पाठवलेला ईमेल काही क्षणांत पोहोचतो, मग मधले एवढे तास कुठं गेले? तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेनुसार आहेत. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढं. आम्ही इंटरनेट कंपनीला चुकीची वेळ कळवली होती. तोच आयपी क्रमांक सकाळी एकाकडं असतो, दुपारी दुसऱ्याकडं.

दुरुस्त वेळ पाठवली. उत्तराचा कागद मी दोनदा वाचला. जोडणी मास्तरांच्या नावावर होती.

घरात संगणक एकच. मी महिला उपनिरीक्षकांना घेऊन साध्या कपड्यांत गेलो. मास्तर शाळेत होते. त्यांच्या पत्नीला त्या दुपारबद्दल विचारलं. कारण सांगितलं नव्हतं. दिवस त्यांना चांगला आठवत होता, कारण त्याच संध्याकाळी पुतणी कॅफेत तो ईमेल वाचून घाबरी होऊन घरी आली होती. ती दुपारभर क्लासला होती, त्या म्हणाल्या. लेक मात्र डोकं दुखतं म्हणून लवकर आली होती, संगणकावर काहीतरी वाचत बसली होती. हे सांगताना त्या आमच्यासाठी चहा गाळत होत्या. आपण काय सांगितलं हे त्यांना कळलं नव्हतं.

संगणक पंचांसमक्ष जप्त करून प्रयोगशाळेत पाठवला. पुसलेल्या मजकुराचे अंश सापडले. गुन्ह्याच्या वेळी लेक अठराची नव्हती, त्यामुळं तिला ठाण्यात बोलावलं नाही. घरीच, आईवडिलांसमोर विचारलं.

"दरवर्षी भूकंपाच्या दिवशी लोक घरी यायचे," ती पायाच्या नखांकडं बघत म्हणाली. "हिचा फोटो काढायचे. मला म्हणायचे, बाजूला हो. ही रडली की सगळं घर थांबायचं. मी रडले की म्हणायचे, तुला काय कमी हाय? भूकंपात माझं काहीच गेलं न्हाई, म्हणून मला रडायचा हक्कच न्हाई. एक अभ्यास होता, त्यातबी हीच पहिली."

मास्तर भिंतीला टेकले. त्यांच्या पत्नी उठून आत गेल्या. परत येऊन त्या लेकीला जवळ घेतील, की मारतील, की दोन्ही, मला कळेना. त्या आत काहीच न करता उभ्या राहिल्या.

पुतणी दारात होती. सगळं ऐकलं होतं तिनं. आजवर माझ्यासमोर ती कधी बोलली नव्हती. ती येऊन बहिणीसमोर बसली.

"काकू तुला मारायची," ती म्हणाली. "केस विंचरताना ओढायची, शिव्या द्यायची. मला कधी बोट लावलं न्हाई, पाहुण्याच्या पोरीसारखं. तुला मार बसला की मी मोरीत जाऊन रडायची. मला वाटायचं, मलाबी एकदा मारावं."

लेकीनं पहिल्यांदा मान वर केली. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. दोघींनीही हात पुढं केला नाही.

मास्तरांनी तक्रार मागं घेता येईल का, असं विचारलं. मी नाही म्हणालो, आणि पुतणीही नाही म्हणाली. प्रकरण बाल न्याय मंडळासमोर गेलं. लेकीनं कबुली दिली. समुपदेशन आणि देखरेखीचा आदेश झाला. पुतणी नांदेडच्या वसतिगृहात राहून पुन्हा परीक्षेला बसली. आज ती डॉक्टर आहे. काकांच्या घरी ती सणाला येते, मुक्काम करत नाही. लेक रेणापूरकडं एका शाळेत शिकवते. लोह्याच्या त्या मुलाला मी स्वतः फोन करून सांगितलं की तुझ्यावर काही नाही. तो फक्त "ती परीक्षेला बसली का?" एवढंच म्हणाला.

आता कधी तरुण अधिकाऱ्यांसमोर बोलायला बोलावतात. मी त्यांना सांगतो की परदेशी नोंदीतली वेळ कोणत्या घड्याळाची आहे ते आधी बघा. नाहीतर एखाद्या निरपराध पोराचं आयुष्य वाया जाईल. मागणी लिहिताना समोरच्या देशाचा कायदा उघडून बसा, कारण आपला राग तिकडं कोणाला कळत नाही. हे ते लिहून घेतात.

मग सांगतो की एवढा लांबचा पुरावा आपल्याला घराच्या दारापर्यंत आणून सोडतो, त्यापुढं आपणच जायचं असतं. ज्या घरात एका माणसाचं दुःख सगळ्यांना माहीत असतं, तिथं बाकीच्यांना काय झालंय ते विचारा. आरोपी म्हणून नव्हे, नुसतं विचारा. हे मात्र कोणी लिहून घेत नाही. मीही आग्रह धरत नाही. त्याऐवजी मी त्या दोघींचं बोलणं जसंच्या तसं सांगतो, आणि मग खाली बसतो.