मामाच्या डोंग्यातलं पाणी

मी पोटासाठी काय करते, हे आमच्या गावात कुणालाच सांगून पटत नाही. अर्जुनी मोरगावहून समुद्र पाहायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो, आणि मी जहाजांच्या पोटातल्या पाण्याचे अहवाल लिहिते. रिकामं जहाज कलंडू नये म्हणून एका बंदरात पाणी भरून घेतं आणि दुसऱ्या बंदरात सोडून देतं. त्या पाण्यातून तिकडचे जीव इकडे येतात, म्हणून ते आधी शुद्ध करायचा नियम आहे. काही मालक म्हणतात, आमचं जहाज याच दोन बंदरांत ये-जा करतं, आम्हाला सूट द्या. सूट दिली तर धोका किती, हे मी तपासते.

गेल्या मे महिन्यात असाच एक अर्ज घेऊन मी घरी आले होते. गच्चीवर रेंज मिळते, तिथेच माझं ऑफिस. बाबा चहा घेऊन वर आले, लॅपटॉपवरच्या तक्त्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे तिथं जे हाये ते इथं हाये का नाई, एवढंच पाहाचं ना?"

आठ दिवस मी ज्याच्यावर डोकं फोडत होते, ते यांनी चहाच्या दोन घोटांत उरकलं. मला हसावं की चिडावं कळेना.

पण बाबांना ते कळणारच. आम्ही ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या तलावात मासे धरणारे. गावच्या तलावातली बेशरमची झुडपं उपटून, मच्छीमार सोसायटीतल्या लोकांशी भांडून-तंडून, बाबांनी तिथे मरळ, शिंगूर, बोटरी हे गावठी मासे परत आणले होते. तिरोड्याकडच्या बऱ्याच तलावांत तिलापिया हा परदेशी मासा शिरलाय. तो एकदा आला की सगळीकडे तोच. आमच्या तलावात अजून तो नव्हता. बाबांच्या सगळ्या मेहनतीचं मोल त्या 'नव्हता'त होतं.

दोन दिवसांनी माझा मामा मेटॅडोरवर लाकडी डोंगा, म्हणजे छोटी होडी, लादून आला. बाबांचा डोंगा फुटला होता, म्हणून मामाने तिरोड्याकडच्या त्याच्या गावातला स्वतःचा डोंगा भेट आणला होता. बाबा लहान मुलासारखे हरखले. मी आत डोकावले. डोंग्यात वीतभर पाणी.

"उन्हात लाकूड तडकते, म्हनून आमच्या तलावाचं भरून आनलं," मामा म्हणाला. "चाला भाऊजी, सिद्धा पान्यात सोडू."

"थांब मामा. आधी हे पाणी इथं शेतात ओतायचं."

"काऊन?"

मी कारण सांगितलं. मामाचा चेहरा उतरला. "मी का परका हाओ? इतक्याशा पान्यानं का होते? एवढ्या डाव सूट दे."

अर्ज अगदी असाच होता, फक्त बोली वेगळी! आई तर कमरेला पदर खोचूनच पुढे आली. "माह्या माहेरचं पानी तुले घान वाटते का व?"

यावर कोणत्या तक्त्यात उत्तर असतं? मी बाबांकडे पाहिलं. ते मेटॅडोरच्या चाकाकडे बघत उभे. मला त्यांचा असा राग आला! तलाव तुमचा, मेहनत तुमची, आणि तोंड मीच वाजवायचं?

मी कुणाचं ऐकलं नाही. आईचं जुनं लुगडं बादलीवर ताणून बांधलं आणि डोंग्यातलं पाणी तांब्यातांब्याने त्यावर ओतू लागले. मामा फुरंगटून बाजूला बसला. पाच-सहा बादल्या झाल्या, काही नाही. आई विजयी मुद्रेने बघत होती. मग लुगड्यावर नखाएवढं काहीतरी उडालं. पाठोपाठ आणखी दोन.

मामा उठून आला. वाकला. माशाची पिल्लं तळहातावर घेऊन बराच वेळ निरखत राहिला.

"तिलापिया," तो म्हणाला, आणि मग असा हसत सुटला की आईलाही हसू आवरेना. "भाऊजी, तुमाले बुडवाले मी भेट घेऊन येऊन रायलो होतो!" उरलेलं पाणी त्यानेच बांधापलीकडे शेतात उपसलं. डोंगा आतून-बाहेरून घासून पुसला, कोपऱ्यात बोट घालून घालून. मी पुरे म्हटलं तरी तो थांबेना.

संध्याकाळी बाबांनी मला डोंग्यात बसवून तलावात नेलं. काठावर मामा आणि आई मोठमोठ्याने आम्हाला सूचना देत होते. इतकं सुख मला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं. तरी मनातलं विचारल्याशिवाय राहवेना. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला सगळं कळत होतं. मग गप्प का राहिलात?"

बाबांनी वल्हं थांबवलं.

"साळा हाये वो माय. एवढ्या दुरून डोंगा घेऊन आलेल्या मानसाले मी नाई कसा म्हनू? तू नसती तं मी सोडलं असतं ते पानी."