तडकलेली लिंबं

यंदा चैत्रात माझे यजमान गेले. सकाळी चहा मागितला, अन् मी कप घेऊन येईस्तोवर संपलंच होतं सगळं.

परसात त्यांनी लावलेली दोन लिंबाची झाडं आहेत. फळांनी नुसती लगडली होती. दरसाल लोणच्याची लिंबं तेच चिरायचे. माझ्या फोडी त्यांना जाड वाटत. म्हटलं, त्यांनी पाणी घातलेली ही शेवटची फळं, यांचं लोणचं तेवढं घालायचं. दुसरं काही मनात नव्हतं बघा.

पण सुतकात झाडाला हात लावायचा नाही, पाणीही घालायचं नाही, ही आमच्या घरची रीत. इकडं आमच्या मोताळ्याचं ऊन! तेरवीपर्यंत पानं पार मुडपली. दिरांना कळवळा आला. त्यांनी मोटर लावली, ती दिवसभर. "पिऊ द्या वहिनी, लय तहानले ते," म्हणाले. मायेनंच केलं त्यांनी.

पुढं दोन-चार दिवसांत लिंबं फुटायला लागली. देठापासून खालपर्यंत उभी चीर, आतला गर उघडा, त्यावर मुंग्या.

माझी लेक कॉलेजात झाडांचंच शिकवते. ती फुटकं लिंबू घेऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, झाडाच्या एकेका पेशीला भिंत असते, आणि पेशी आतून ती सारखी चाचपत असते. कुठं ताणली, कुठं विरली, तिला कळतं. मग ती भिंत जरा सैल करते, आतून नवा थर देते. आपण मातीच्या भिंतीला पोतेरं देतो ना, तसंच. रात्रंदिवस हेच काम. पण त्याला सवड लागते. कोरड्यात साल ताठरली, अन् एकदम पाणी आलं. आतला गर फुगत गेला, अन् साल तडकली.

मी विचारलं, "मंग त्याले कळलं नसन काय, आता फुटणार म्हणून?"

लेकीनं लिंबावरच्या मुंग्या झटकल्या.

"कळलं असन, आई. वेळच नाही भेटला त्याले."

तेरा दिवस बायका म्हणत होत्या, हिला रडवा कोणी तरी. तेव्हा रडू नाही आलं. ते त्या लिंबापाशी आलं. लेकीनं गप्प केलं नाही मला.

मग आम्ही दोघींनी धड राहिलेली लिंबं वेचली. एक लहान बरणी भरली. विळीवर मीच बसले. फोडी जाडच झाल्या. कोणी काही म्हटलं नाही.