पुष्पाबाईची दर रविवारची विनंती

लोकांना वाटतं, चर्चच्या मंडळीत माणसं फक्त भक्ती करायला येतात. येतातच. पण दर रविवारी तीच माणसं एका पत्र्याच्या शेडमध्ये तीन-तीन तास बसली, की किस्से आपोआप साचत जातात. आमच्या पास्टरांनी एकदा मंडळीत घडलेल्या चांगल्या गोष्टी, म्हणजे देवाच्या साक्षी, लिहायला वही आणली आणि काम माझ्याकडे सोपवलं. दोन महिन्यांनी वाचून म्हणाले, "भाऊ, ह्याच्यात साक्ष कमी आन कॉमेडीच जास्त झाली!"

मी काय करू? घडलं तेच लिहिलं.

आमची शेड गोंदियाहून दवनीवाड्याकडे जाताना रस्त्याला लागून आहे. आधी तिथं धानाची पोती ठेवत. मी आठवडाभर शाळेची व्हॅन चालवतो आणि रविवारी ढोलक वाजवतो. व्हॅन हळू आणि ढोलक फास्ट, अशी माझ्याबद्दल जुनी तक्रार आहे. बाकी आमच्या मंडळीत एक गोष्ट सगळ्यांची सारखी. प्रत्येकाला कुणीतरी, कधीतरी, "तू नको" म्हटलेलं आहे.

*

माझंच बघा. लग्नासाठी तीन मुली पाहिल्या, तिन्हीकडून नकार! तिसऱ्या घरचा नकार तर मी परतीच्या रस्त्यावर असतानाच फोनवर आला. पुढच्या वळणावर गाडी पंक्चर.

ढकलत ढकलत पहिल्या दुकानात नेली. दुकानदार ट्यूब काढत होता आणि मी बाकड्यावर बसून ढसाढसा रडत होतो. तिशीचा माणूस, भर दुपारी, मेन रोडवर! त्यानं ट्यूब टबातल्या पाण्यात बुडवली आणि म्हणाला, "रडून घे भाऊ. पान्यात टाकल्याबिगर भोक कुठं हाय ते दिसतच नाही."

तेच आमचे पास्टर. आठवडाभर पंक्चर काढतात, रविवारी उपदेश करतात. मी पुढच्याच रविवारी शेडमध्ये जाऊन बसलो. लग्न नंतर झालं, पण तो किस्सा बायको सांगू देत नाही.

*

पुष्पाबाई पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीत स्वतःचं ताट आणि स्वतःचा गिलास.

तिच्या अंगावर कोड आहे. ओठाजवळ, हातांवर, पायांवर पांढरे डाग. कोड लागत नाही, हे डॉक्टरनं सासरच्यांना समजावून सांगितलं होतं. पण तिच्या सासूला डॉक्टरपेक्षा शेजारीण जास्त शिकलेली वाटायची. नवऱ्यानं तिला केशोरीहून आणून इथं भावाच्या दारात सोडलं आणि "चार दिवसांनी येतो" म्हणून गेला. चार दिवसांची चार वर्षं झाली होती. भावाकडे भावजयीनं तिचं ताट वेगळं केलं. तेव्हापासून कुणी बोलायच्या आधीच ही आपलं ताट घेऊन फिरायची.

भक्ती संपली की आम्ही सगळे सोबत जेवतो. पुष्पाबाई भिंतीकडे तोंड करून एकटी बसली. आमच्या सोनूमावशीला हे दिसलं. सत्तरी ओलांडलेली, कडक आवाजाची बाई. ती उठली, सरळ पुष्पाबाईसमोर जाऊन बसली आणि तिच्याच ताटात हात घालून जेवायला लागली!

पुष्पाबाई घाबरली. "मावशी, ते माह्यं ताट आहे!"

"मंग? भाजी त सगळ्याइची एकच आहे न!"

पुष्पाबाई त्या दिवशी जेवली कमी आणि रडली जास्त. पुढच्या रविवारी पिशवीतून दोन ताटं निघाली. म्हणाली, "एक मावशीले लागते न जी!"

तिसऱ्या रविवारी पिशवीच आली नाही.

*

भक्तीच्या शेवटी आमच्याकडे विनंत्या होतात. ज्याला जे हवं ते तो सांगतो आणि आम्ही सगळे मिळून देवाकडे मागतो. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचा गुडघा, कुणाची म्हैस. पुष्पाबाईची विनंती मात्र दर रविवारी एकच. "माह्या घरच्याइनं मले न्यायले यावं."

पावसात तेच, उन्हात तेच, नाताळात तेच. मंडळीत येऊन तिला तीन वर्षं होत आली तरी तेच. आम्हाला ते इतकं पाठ झालं की तोंडातून आपोआप निघायचं.

एकदा बारावीच्या एका मुलीसाठी प्रार्थना करायची पाळी माझ्यावर आली. मी डोळे मिटले, चांगली सुरुवात केली, पेपर सोपा जावा, आठवण राहावी, आणि भरात येऊन म्हणालो, "आणि प्रभू, हिच्या सासरच्यांना बुद्धी दे, त्यांनी हिला लवकर न्यायला यावं!"

मुलीच्या आईनं खाडकन डोळे उघडले. "ओ भाऊ! पोरीले आधी पास त होऊ द्या!"

सगळे हसले. पुष्पाबाईसुद्धा हसली. पण पाळी आल्यावर तिनं पुन्हा तेच मागितलं. खरं सांगतो, मला तिचा राग यायचा. ज्यानं ओझं टाकावं तसं टाकलं, त्याचीच वाट किती बघायची?

*

मग एका रविवारी पास्टरांनी कोडी माणसाची गोष्ट सांगितली. अंगभर रोग, गावाबाहेर राहायचा, कुणी जवळ करत नव्हतं. येशूनं हात पुढे करून त्याला स्पर्श केला आणि तो बरा झाला. ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकलेली. मी तर पुढच्या गाण्याचा ताल बोटांवर जुळवत होतो.

पुष्पाबाई मधेच उभी राहिली. "पास्टरजी, हात आधी लावला का बरं आधी केलं?"

"हात आधी लावला."

"डाग असतानीच?"

"हाव, डाग असतानीच."

ती खाली बसली. पुन्हा उठली. "पक्कं न जी?"

"पक्कं, बाई."

विनंत्या सुरू झाल्या. पुष्पाबाईची पाळी आली तशी मी सवयीनं मनातल्या मनात तिचं वाक्य म्हणून टाकलं. पण ती म्हणाली, "आज माही विनंती नाही. ते बंद करा आता. मले न्यायले जो यायचा होता, तो येऊन गेला."

 मला काय करावं सुचलं नाही, म्हणून मी जोरात ढोलक वाजवली. गाणं कुठलंच चालू नव्हतं! पण सगळ्यांनी टाळ्या धरल्या, आणि पास्टर तोंड फिरवून उपरण्याला डोळे पुसत होते. माझंही तेच चालू होतं.

*

त्यानंतर पुष्पाबाई वेगळीच झाली. भाषेला धार आली!

रायपूरहून एक पाहुणे उपदेशक आले होते. आवाज असा की पत्रे थरथरावेत. पुष्पाबाईला बघताच त्यांना जोर चढला. तिच्यासमोर उभे राहून ओरडले, "निकल जाओ! ऐ दाग, अभी के अभी निकल जाओ!"

पुष्पाबाईनं शांतपणे एक डोळा उघडला. "साहेब, नवरा गेला, सासर गेलं. हे बिचारे डागच तेवढे सोबत राहिले. आता ह्यायलेबी कायले हाकलता?"

साहेबांना मराठी नीट कळेना. शेजारच्याला विचारलं, "क्या बोल रही है बहन?"

पास्टर म्हणाले, "बोल रही है, ठीक हो गई."

*

मागच्या नाताळात सगळ्या गावाला जेवण होतं आणि मुख्य स्वयंपाकीण पुष्पाबाई. पाटोडीचा रस्सा असा झाला की खाणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी, तरी हात थांबेना. जिच्या हातचं पाणी नको होतं, तिच्या मोठ्या पळीपुढं रांग लागली!

रांगेत तिची भावजय. दुसऱ्यांदा रस्सा घ्यायला आलेली. पुष्पाबाईनं पळी हवेतच धरली.

"काऊन वहिनी, ताट घरून आनलं का?"

भावजय लाजेनं लाल. पुष्पाबाई खळखळून हसली आणि सगळ्यात जास्त पाटोड्या तिलाच वाढल्या.

*

आणि आता हा यंदाचा किस्सा, रोवणा म्हणजे धानाची लावणी संपल्यानंतरच्या रविवारचा.

विनंत्या चालू होत्या. बाहेर मोटरसायकल थांबली. दारात एक माणूस, हातात साडीची पॉलिथिन. पुष्पाबाईचा चेहरा बघूनच सगळ्यांना कळलं, हा कोण.

"पुष्पाले न्यायले आलो," तो म्हणाला.

तेवढ्यात मागून सोनूमावशी टाळी वाजवत उठली. "हालेलुया! आला! माह्या पार्थनेचा मानूस आला!"

"मावशी!" मी दबक्या आवाजात म्हणालो. "ती विनंती तर कधीचीच बंद झाली!"

"मले कोनी सांगतलं? मी त रोज सकारी च्याच्या आधी करूनच राहिली!"

तेव्हा कुठं आम्हाला आठवलं! ज्या रविवारी पुष्पाबाईनं विनंती बंद केली, त्या रविवारी मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गोंदियाला होती. तिला सांगायचं राहूनच गेलं, आणि नंतर तिला वाटलं, पुष्पाबाई आता मनातच मागते. बाई एकटीच लावून धरत होती!

पण हसायला कुणाला जमेना. एवढी वर्षं रडून मागितलेली गोष्ट समोर दारात उभी होती, हातात नवी साडी घेऊन. गेली तर? माझा हात ढोलकवर तसाच राहिला.

पुष्पाबाईनं त्याला आधी पाणी दिलं. तो घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "चाल, सामान बांध. डाग असले तरी चालते आता मले."

"चालवून घ्याले मी का फाटकी नोट आहो जी?" तिचा आवाज जराही चढला नाही. "मी येत नाही. माह्या मनात राग नाही, खरंच नाही. तुमी जेवून जा."

मग ती सोनूमावशीकडे वळली. "मावशी, तुमची पार्थना लय पावरफुल आहे. आता डोरे मिटा, आन ह्यायले सुखरूप घरी पोचवाची पार्थना करा!"

मावशीनं लगेच डोळे मिटले. दारातल्या माणसानं साडीची पॉलिथिन खाली ठेवली, आणि आत यायला चपला काढल्या.