चेन पार आली होती

आमची पोस्ट लडाखमध्ये होती. नाव लिहीत नाही, लिहून कुणाला सापडणारही नाही. उंची पंधरा हजार फुटांच्या वर. सात शेल्टर, आणि ती सातही उबदार ठेवण्याची जबाबदारी दोन मेकॅनिकांवर. एक मी, नायक गाडेकर, श्रीरामपूरचा. दुसरा नायक यासीन शेख, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचा. एकाच जिल्ह्याचे दोघे एका पोस्टवर आले म्हणून सगळ्यांना कौतुक होतं. मला नव्हतं.

कारण सांगतो. सर्व्हिसमध्ये मी त्याला एक वर्षाने सीनियर. आयटीआयला रेफ्रिजरेशन ट्रेडमध्ये फर्स्ट क्लास. यासीनकडे काय होतं, तर बाप कल्हईवाला. लहानपणी बापाशेजारी भाता मारायला बसायचा आणि जाळाचा रंग बघून जाळ ओळखायला शिकला, एवढंच भांडवल. पण जनरेटरला कान लावला की सांगायचा, भाऊ, बेअरिंग गेलंय. उघडून बघावं तर बेअरिंग गेलेलं. मी मॅन्युअलमधलं पान शोधेपर्यंत याचे हात धुऊन झालेले असायचे.

एकदा रजेवर जाताना तो श्रीरामपूरला उतरला, माझ्या घरी खुशाली सांगायला. आईचा फ्रीज मी मागच्या रजेत तपासून 'हा संपला' असं जाहीर केलं होतं. यासीनने तो चहा उकळेपर्यंत चालू करून दिला. तेव्हापासून आईच्या फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"यासीन कसा हाय रं?"

माझी चौकशी त्यानंतर. मी हसण्यावारी न्यायचो, पण आतून जळायचो. लंगरमधला कुक त्याला एक पुरी जास्त वाढायचा, तीसुद्धा मी मोजायचो. एवढ्या उंचीवर माणसाला भूक लागत नाही, तरी मोजायचो.

हिवाळ्याच्या आधी पेट्रोल पार्टीसाठी, म्हणजे गस्तीच्या तुकडीसाठी, नवीन सातवं शेल्टर उभं राहिलं. त्यात हीटिंग काय बसवायचं, हे ठरवायला पोस्ट कमांडर मेजर साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी गॅस हीटर सुचवला. हलका, काजळी नाही, पाच मिनिटांत खोली गरम. यासीनने बुखारी सांगितली. बुखारी म्हणजे पत्र्याचा उभा स्टोव्ह. त्यात रॉकेल थेंब थेंब पडत जळतं आणि धूर पाइपातून छताबाहेर जातो. यासीनचं म्हणणं असं की गॅस हीटर खोलीतलीच हवा खातो आणि त्याचा सगळा वायू खोलीतच राहतो. गस्तीवरून दमून आलेली माणसं दार लावून झोपणार, खिडकी कोणी उघडणार नाही. बुखारीचा पाइप साफ ठेवला की झालं.

साहेबांनी दोन मिनिटं विचार केला.

"शेख, बुखारी लगाओ. गाडेकर, तुम हेल्प करो."

मी सीनियर, आणि मला हेल्पर केलं. तो शब्द मी आठवडाभर चघळत होतो.

आज शिर्डीतल्या हॉटेलांची मशिनरी सांभाळताना कळतं की निवड त्याचीच बरोबर होती. मालक लोक मला फक्त विचारतात, कोणतं मशीन चांगलं. मी त्यांना उलट विचारतो, सांभाळणार कोण. मशीन निवडताना ते सांभाळणारा माणूसही निवडावा लागतो. यासीनने बुखारी निवडली तेव्हा तिचा पाइप सांभाळणाऱ्या दोघांपैकी एक मी होतो.

पाइप सांभाळायची त्याची एक पद्धत होती. दर रविवारी ०९०० वाजता बुखाऱ्या थंड करायच्या. यासीन छतावर चढायचा आणि पाइपाच्या तोंडातून चेन सोडायचा. चेनच्या टोकाला मोठा लोखंडी नट. स्टोव्हच्या वर जिथे पाइप वळतो, तिथे तो नट येऊन टेकायचा. त्या वळणावर एक झाकण असतं. खालच्या माणसाने ते उघडायचं, नट डोळ्यांनी बघायचा आणि ओरडायचं, "पार!" नट लोखंडावर टेकलाय की जमलेल्या काजळीवर, हे वरच्याला समजत नाही. त्याच्या हाताला फक्त ठोका लागतो. दिसतं ते खालच्यालाच. खाली मी असायचो.

त्या रविवारी ०८३० वाजता प्रमोशनची लिस्ट आली. हवालदाराची एकच जागा होती. ती यासीनला मिळाली. मेजर साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. लंगरमध्ये शिरा झाला. मी हात मिळवला, "मुबारक" म्हणालो आणि शिरा न खाता बाहेर आलो.

०९०० वाजता आम्ही कामाला लागलो. सहा शेल्टर झाली. सातवं पेट्रोल पार्टीचं, त्याची बुखारी. यासीन वर चढला. मी आत गेलो आणि स्टूलवर बसलो. झाकणाचे चार स्क्रू थंडीने आखडलेले होते, ते सोडवायचे तर हातमोजे काढावे लागले असते. हवालदार साहेबांसाठी मी बोटं का गारठवू, हा विचार मी केला. अगदी याच शब्दांत केला. वरून चेनचा आवाज आला, नट टेकल्याचा ठोका आला. मी बसल्या जागेवरून ओरडलो.

"पार!"

चेन वर गेली. यासीन खाली उतरला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चला भाऊ, तुमचा शिरा झाकून ठिवलाय."

सोमवारी ११०० वाजता बर्फाचं वादळ सुरू झालं. पेट्रोल पार्टी १२१० वाजता परतली, पाच जण. शेल्टरमध्ये शिरले, दार लावलं, बुखारी पूर्ण सोडली. १३३० वाजता जेवणाचं विचारायला यासीनने त्यांना फील्ड फोन केला. कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा केला, तरी नाही. तो उठला आणि मलाही चल म्हणाला.

शेल्टर ऐंशी पावलांवर होतं. दार उघडलं तर आत धूर नव्हता, काहीच वास नव्हता. पाचही जण झोपल्यासारखे पडलेले. यासीनने बुखारीकडे बघितलं. जाळ पिवळा आणि लुळा पडला होता.

"भाऊ, गॅस साठलाय. तुमी भायेर थांबा. मी देतो, तुमी घ्या."

त्याने बुखारीचा नळ बंद केला, बाहेर येऊन छातीभर श्वास घेतला आणि आत गेला. पहिल्या माणसाला उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं. मी त्याला शेजारच्या शेल्टरच्या आडोशाला नेलं. दुसरा आणला. तिसरा आणला. प्रत्येक वेळी बाहेर येऊन श्वास घ्यायचा, प्रत्येक वेळी त्याला जास्त वेळ लागायचा. मी म्हणालो, आता मी जातो. तो म्हणाला, आत कोन कुटं पडलंय ते मला ठाव हाय. चौथा आणला. पाचवा लान्स नायक, अंगाने भारी, स्लीपिंग बॅगची चेन अडकलेली.

यासीन पाचव्यांदा आत गेला. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहितो. मनात आलं, आता याला मेडलही मिळणार.

तो बाहेर आला नाही. मी आत गेलो. तो लान्स नायकाच्या अंगावर पालथा पडला होता, बॅगची चेन अर्धी उघडलेली. मी दोघांना एकामागून एक ओढून काढलं. तोवर माणसं धावत आली होती. सिग्नलमन रेडिओवर बसला.

"कंट्रोल, सहा माणसं बेशुद्ध. बुखारीचा गॅस. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"हेलिकॉप्टर नहीं उड़ेगा. मौसम खराब. पोस्ट का ऑक्सिजन लगाओ. ओव्हर."

पोस्टवर होता तेवढा ऑक्सिजन लावला. पाच जण एकेक करून शुद्धीवर आले. यासीन आला नाही. नर्सिंग असिस्टंटने १५५० वाजता हात थांबवला.

त्यानंतर मी एकटा त्या शेल्टरमध्ये गेलो. हातमोजे काढले आणि चार स्क्रू सोडवले. झाकण उघडलं. वळण काजळीने भरलेलं होतं, वर बोटभर फट काय ती उरली होती. त्या काजळीवर नटाचा ठसा होता. सहा कोन, स्वच्छ उमटलेले. तेवढ्या फटीतून बुखारी रविवारभर कशीबशी चालली होती. सोमवारी वादळाच्या वाऱ्याने वरून दाबल्यावर धुराची तेवढी ओढही बंद पडली. मी तो ठसा हाताने पुसला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला एकच प्रश्न महत्त्वाचा विचारला गेला. रविवारी चेन पार आली होती का? मी सावधानमध्ये उभा राहून उत्तर दिलं, "पार आयी थी, साहब." वादळामुळे पाइप कोंदला, असा निष्कर्ष निघाला. यासीनला मेडल मिळालं, मरणोत्तर. हवालदाराची जागा रिकामी झाली. पुढचं नाव माझं होतं. तिसरी फीत मी दंडावर लावली आणि तिच्यावरच रिटायर झालो.

रिटायर झाल्यावर श्रीरामपूरला एसी-फ्रीजचं दुकान टाकलं. खर्ड्याला कधी गेलो नाही. नंतर तिथल्या लोकांनी यासीनच्या नावाने अभ्यासिका बांधली, आणि कूलिंग कुणाला विचारायचं म्हटल्यावर त्याच्या वडिलांनी, करीमचाचांनी, माझं नाव सांगितलं. त्यांचा स्वतःचा फोन आला. नाही म्हणता आलं नाही.

चाळीस मुलं बसतील असा हॉल, वर पत्रा, पश्चिमेला मोठ्या खिडक्या. कमिटीला डक्टचे कूलर हवे होते. मी म्हणालो, कूलरला रोज पाणी लागतं आणि तुमच्याकडे मे महिन्यात टँकर येतो. आधी पत्र्याखाली थर्माकोलचं सीलिंग करा, पश्चिमेच्या खिडक्यांना झडपा लावा, मग दोन स्प्लिट एसीत भागेल. चाचा कोपऱ्यात खुर्चीवर ऐकत होते. हिशेब त्यांना लगेच पटला.

भिंतीवर फोटो आणि खाली पाटी होती. शहीद नायक यासीन शेख. त्या फोटोचाही मला हेवा वाटला. त्याचे केस काळे, माझे पिकलेले. चहा आला तेव्हा चाचा म्हणाले, "यासीन सांगायचा, गाडेकर भाऊ खालून पार म्हनले की मी पुना बघत न्हाई. लई भरवसा व्हता त्याचा तुमच्यावर."

कप माझ्या हातात होता. तो खाली ठेवला आणि सांगून टाकलं. लिस्ट, शिरा, स्क्रू, न बघता ओरडलेलं पार, काजळीवरचा ठसा, तो पुसलेला हात. माझं संपल्यावर चाचा भात्यावर काम करून वाकडी झालेली स्वतःची बोटं बघत बसले.

"त्याला ठाव व्हतं का?"

"नाही, चाचा."

"बरं झालं," ते म्हणाले. मग काठी टेकत उठले. "मशिनी बसवून जा. पोरं उकाड्यात बसत्यात."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही मागितलं नाही. जाताना कमिटीला मी एवढं सांगितलं की पाटीवर रँक चुकलीय. लिस्ट आली होती, तो हवालदार झाला होता. पाटी बदला. जुन्या रेजिमेंटच्या ऑफिसलाही रविवारचं सगळं लिहून, सही करून पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

दरवर्षी मार्च संपताना मी सर्व्हिसिंगला खर्ड्याला जातो. जाळ्या धुतो, गॅसचं प्रेशर बघतो, शेवटी ड्रेन पाइप तपासतो. त्यात माती बसली की एसीचं पाणी मुलांच्या पुस्तकांवर गळतं. मी आत शिडीवर चढून ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओततो. बाहेर भिंतीशी पाइपाचं तोंड आहे. तिथे चाचा पाट टाकून बसतात. दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत.

मी पाणी ओततो आणि थांबतो. खिडकीतून त्यांची पाठ दिसते. पाणी पडल्याचा आवाज मला शिडीवरही येतो, त्यांनाही येत असणार. तरी ते बोलत नाहीत. वाकतात, पाइपाखाली हात धरतात, ओली बोटं डोळ्यांसमोर नेऊन बघतात. मग म्हणतात, "पार."

हवालदार यासीन शेख, राहणार खर्डा. पाच माणसं त्याने वाचवली, सहावा मी.