आईनं पेरलेला शेवटचा सांबार

मंडळी, सकाळपासून मन कशातच लागत नाई, म्हणून लिहितो.

संक्रांतीनंतर आईनं चामोर्शीजवळच्या आमच्या गावी, घरामागच्या वाडीत सांबार पेरला. तुम्ही त्याला कोथिंबीर म्हणता. धने चपलेखाली रगडून, फोडून तिनंच पेरले. आठवड्याभरात ती गेली. वाफा तिच्यामागून उगवला.

आज तो कापायला आला. बायको विळा घेऊन गेली, पण सासूच्या हातचा सांबार तिला कापवेना; रिकाम्या हातानं परत आली.

पन्नासच्या दशकात आई लगन होऊन या गावात आली, तेव्हा शेजारच्या सोनाबाईनं तिला मूठभर धने दिले होते. तेव्हापासून दरवर्षी पहिली जुडी सोनाबाईकडे जायची, मगच आमच्या भाजीत सांबार पडायचा.

दुपारी नव्वदीची सोनाबाई काठी टेकत आली.

"तुमची जुडी काढून देऊ का जी, बाई?"

"मले नोको रे बाबू." ती वाफ्यात बसली, स्वतः सांबार कापला आणि बायकोच्या पदरात टाकला. "यंदा पयली जुडी तुमची. तिच्या हातचं वाया जाऊ देऊ नोका."

वांग्याच्या भाजीत घातला.

एक कोपरा बियाण्याला ठेवला आहे. पण धने रगडायचं काम आईचं होतं. गेलेल्या माणसाचं काम तुमच्या घरी पहिल्यांदा कोणी हाती घेतलं?