गुण्यात बसवलेली घोडी

गिटारीच्या तारा ज्या पट्टीवरून जातात तिला आम्ही घोडी म्हणायचो. तंबोऱ्याला घोडी, सतारीला घोडी, मग गिटारीनं काय पाप केलंय? कारखान्यात फोरमनसाहेबांकडं मी घोडीसाठी पितळेचा तुकडा मागितला, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं की घोडी कुणाची आणि तिला नाल पितळेची कशाला. सगळं वर्कशॉप हसलं. मीही हसलो, पण तुकडा घेतल्याशिवाय हललो नाही.

तुळजापूरच्या अलीकडं एका सहकारी साखर कारखान्यात मी फिटर होतो. ऐंशी साल उलटून गेलेलं होतं. आमची चार माणसांची गायन पार्टी होती. पेटीवर शाळेतले गुरुजी, वयानं आणि मानानं सगळ्यांत मोठे. ढोलकीवर माझा चुलतभाऊ, गिटारीवर मी आणि गायला माझी बायको. दर रविवारी दुपारी विहारात तालीम व्हायची. जयंतीचा महिना आला की गावोगावची बोलावणी यायची.

बायकोचा गळा बाहत्तरच्या दुष्काळात सापडला. आमचं लग्न नवं होतं आणि आम्ही दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. एकदा भर उन्हात तिनं हातोडीच्या ठेक्यावर गाणं धरलं आणि आजूबाजूच्या साऱ्या हातोड्या तिच्या ठेक्यात पडायला लागल्या. दुपारी वाटलेल्या मूठभर सुकडीवर एवढा आवाज निघतो तरी कसा, असं मुकादम म्हणाला. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. पुढं तो अभिमान मी वापरून वापरून गुळगुळीत केला ते वेगळं.

गिटार सोलापूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राची. जुन्या घाटाची, पोकळ पोटाची, तपकिरी रंगाची, इलेक्ट्रिकवर चालणारी. तिची घोडी लाकडाची होती आणि ती कशानंही पक्की केलेली नव्हती. नुसती तारांच्या दाबाखाली उभी. वर आणखी वाकडी. पातळ तारांकडची बाजू किंचित पुढं, दांडीकडं सरकलेली, जाड तारांकडची मागं. विकणारा म्हणाला की अशीच असते, हात लावू नका. मला वाटलं, त्याला बसवता आली नाही म्हणून सांगतोय.

आता फिटरच्या हातात वाकडी वस्तू दिली तर तो काय करणार? पितळेच्या तुकड्यातून मी नवी घोडी घडवली. कानशीनं सहा खाचा केल्या, पॉलिश मारलं, गुण्या लावला. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं आमचं हत्यार. जाड तारेकडचं टोक होतं तिथं ठेवलं, पातळ तारेकडचं मागं ओढलं, आणि घोडी तारांशी अशी काटकोनात आणली की कुणी चूक काढून दाखवावी. मग भोकं पाडून दोन स्क्रूंनी तिला कायमची आवळून टाकली. जुनी लाकडी घोडी नटबोल्टांच्या डब्यात गेली. आता कुठं यंत्राला यंत्राचं रूप आलं, असं मी बायकोला सांगितलं.

ती म्हणाली, "घोडीचे पाय बांधून टाकले म्हना की."

त्यानंतरच्याच रविवारी कुरबूर सुरू झाली. आमच्या गाण्यांत अंतऱ्याला ती वरच्या सुरात एक ओळ म्हणायची आणि पेटी थांबवून गिटारीनं तीच ओळ परत द्यायची. आधी लोक त्या जागेला टाळ्या वाजवायचे. आता ती म्हणायची आणि मी उत्तर दिलं की दोघांत फट दिसायला लागली. तिचा सूर वर, माझा जरा खाली. चुलतभाऊ म्हणाला, वैनी चढायल्यात. गुरुजींनी डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि तेही म्हणाले की हो, बाई वर जाताना चढतात. गिटारीवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तिचे पडदे पक्के ठोकलेले, बोट ठेवलं की सूर निघणार. गळ्याला कुठं पडदे असतात?

'चढते' या शब्दाची मग आमच्या घरी थट्टाच होऊन बसली. भाकरी करपली की मी म्हणायचो, चढलीस. शेजारणीशी तिचं वाजलं तरी मी म्हणायचो, चढलीस. पहिल्या आठवड्यात ती हसली. दुसऱ्या आठवड्यात हसली नाही. मला कळायला हवं होतं, पण मी माझ्या पितळेवर खूश होतो.

तीन महिने असे गेले. ती ज्वारी निवडताना हळू आवाजात त्याच ओळी परत परत म्हणायची, मध्येच थांबायची, गळ्याला हात लावायची. कुणी सांगितलं म्हणून ज्येष्ठमध चघळायची. जयंतीला आठ दिवस राहिले. जळकोटचा कार्यक्रम आमचा सगळ्यात मोठा. गुरुजींनी मला बाजूला घेऊन विचारलं की यंदा वरच्या ओळी शाळेतल्या एका मुलीला दिल्या तर चालेल का. मी तिला न विचारताच हो म्हणालो. आजही ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

घरी सांगितलं तेव्हा ती सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"उतरतंय ते तुमचं," ती म्हणाली. "माझं चढत न्हाय. एकडाव पेटीला लावून बघा."

मी चिडलो. पडदे ठोकलेल्या वाद्याला नावं ठेवण्यापेक्षा आपल्या गळ्याकडं बघ म्हणालो, आणखीही बरंच बोललो.

"मग मी येतच न्हाय," तिनं शांतपणे सांगितलं आणि सूप परत हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात एक पंप थरथरत होता. नव्या पोरानं बेअरिंगला दोष दिला. मी त्याला झापलं की बेअरिंग बदलायच्या आधी आपण केलेली जोडणी तपास, पहिलं माप आपलं घ्यायचं. बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. गिटारीच्या घोडीचं माप मी कधी घेतलं होतं? गुण्या लावला होता, पण तारेला काही विचारलं नव्हतं.

शिफ्ट सुटल्यावर मी गिटार घेऊन तडक विहारात गेलो. पेटी तिथल्याच कपाटात असायची. विहारात कुणी नव्हतं. सगळ्यात पातळ तार मोकळी छेडून पेटीशी मिळवली. तंतोतंत मिळाली. मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबली. तिथं तोच सूर वरच्या सप्तकात निघाला पाहिजे. पेटीची वरची पट्टी दाबली आणि तार छेडली. तार खाली होती. थोडी, पण खालीच. मी चार वेळा करून बघितलं, जणू पाचव्या वेळी पेटी माझी कीव करणार होती.

मोकळ्या तारा बरोबर आणि वर जावं तसा सूर उतरत गेलेला. ती वाकडी घोडी तारांच्या जाडीच्या हिशोबानं वाकडी होती. पातळ तारेला लांबी कमी लागते, जाड तारेला जास्त. मी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं होतं. बायको बरोबर होती आणि पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी डब्यातली लाकडी घोडी खिशात घालून परत विहारात गेलो. पितळेची स्क्रू सोडून काढली, दोन भोकं मेणानं बुजवली. लाकडी घोडी तारांखाली उभी केली आणि एकेक तार पेटीशी लावत बसलो. बारावा पडदा दाबायचा, ऐकायचं, घोडीचं टोक केसभर पुढं सरकवायचं, तार परत मिळवायची, परत ऐकायचं. पातळ तार जमली की जाड बिघडायची. दीड तास गेला. शेवटी घोडी जिथं थांबली ती अगदी विकणाऱ्याकडं होती तेवढीच वाकडी. पितळेचा खणखणीतपणा गेला होता, पण लाकडावर सूर गोल झाला होता आणि तो मला जास्त आवडला.

खरी परीक्षा पुढंच होती. गुरुजी स्वतः घरी येऊन एकदा शेवटचं गाऊन बघा म्हणाले, म्हणून ती रविवारी तालमीला आली. घोडी बदलल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ती गायली, मी उत्तर दिलं, फट नाही. चुलतभावानं ढोलकी थांबवून आनंदानं मांडीवर थाप मारली.

"बघा, वैनीचा सूर जाग्यावर आला."

गुरुजीही म्हणाले की मेहनत घेतली की होतं. दुसऱ्या कुणाला वरच्या ओळी द्यायची आता गरज नाही. झालं, सगळं निभावलं होतं. मी तोंड उघडलं नसतं तरी काही अडलं नसतं. खरं सांगतो, दोन क्षण मी तसाच बसलो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती गिटारीकडं बघत होती, त्या वाकड्या घोडीकडं.

"गुरुजी," मी म्हणालो, "सूर तिचा हलला न्हवता. घोडी म्या चुकीची बसवली व्हती. तीन म्हैने मीच बेसूर वाजवत व्हतो."

गुरुजींनी पेटीचा भाता बंद केला. मग त्यांनी हात जोडून तिची माफी मागितली, वयानं एवढे मोठे असून. चुलतभाऊ खाली मान घालून ढोलकीची दोरी ओढत बसला.

जळकोटला ती मोकळ्या गळ्यानं गायली. मंडपात बायका उभ्या राहिल्या. मी उत्तराच्या ओळी वाजवत होतो आणि मनातून फार सुखी होतो. परतीच्या टेम्पोत ती माझ्या शेजारी बसली होती. मी विचारलं, आता राग गेला का.

"राग कवाच गेला," ती म्हणाली. "पर तीन म्हैने मला वाटत व्हतं, माझा गळा गेला. त्ये तुमाला कळायचं न्हाय."

टेम्पोच्या धक्क्यांनी घोडी सरकू नये म्हणून मी गिटार मांडीवर घेतली.

लाकडी घोडी मी पुन्हा कधी पक्की केली नाही. त्यामुळं एसटीचे धक्के बसले की ती थोडी सरकायची. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या कार्यक्रमाला पोचलो आणि मंडपामागं एकदा गाऊन बघत होतो. पहिल्याच अंतऱ्याला बायकोनं हात वर केला.

"थांबा. सूर हललाय."

ढोलकी थांबली, पेटी थांबली. आणि सगळ्यांनी वळून माझ्या गिटारीकडं बघितलं.