यीस्टला फुटणारं नाक

दुकानात माल साठला की गोडाऊन लागतं, किस्से साठले की फक्त ऐकणारा लागतो! घाटकोपरला माझं लॅबच्या सामानाचं दुकान. काचेच्या, प्लॅस्टिकच्या बश्या, नळ्या, पिपेट. शिक्षण दहावीपर्यंत, पण गिऱ्हाईक सगळं पीएचडीवालं. त्यातली मुलुंडकडची एक लॅब मात्र माझी एकदम खास. माल पोचवायला माणूस आहे, पण तिथे मी स्वतः जातो.

*

पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या मॅडमना सरळ विचारलं, "एवढ्या बश्या घेता, करता काय त्यांचं?"

"काका, पेशीला नाक फुटतं, ते बघतो."

मला वाटलं, गंमत करतायत. पण खरंच! पावात घालतो ना यीस्ट, त्याच्यात दोन जाती असतात. एक जात वास सोडते. दुसरीला चालता येत नाही, मग ती काय करते, वास जिकडून येतो त्या अंगाला स्वतःचं एक टोक वाढवते, तेच नाक. तिकडूनही तसंच टोक येतं. भेटले की लग्न!

"म्हणजे वधूवर सूचक मंडळ चालवता तुम्ही!"

"हो, पण पत्रिका नाही. नुसत्या वासावर जमतं."

"आणि तिला कळतं कसं, वास कुठून येतो ते?"

मॅडम हसल्या. "ते कळलं असतं तर एवढ्या बश्या कशाला घेतल्या असत्या?"

*

घरी आलो तर बायको पिझ्झ्याचं पीठ भिजवत होती. मी लगेच सुरू झालो. यीस्टची जात, यीस्टचा वास, यीस्टचं नाक. पीठ फुगून वर आलं तरी माझं संपेना.

शेवटी ती म्हणाली, "नाकं बघून झाली असतील तर ओव्हन लावू का?"

*

त्या लॅबमध्ये पीएचडी करायला हर्षाली आली. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली पोर, आई अंधेरीच्या बाजारात मासे विकते. लॅबमध्ये तिच्या शेजारच्या टेबलावर रोहन, बोरिवलीचा, तोंडाने भारी.

पहिल्याच आठवड्यात हर्षालीने डबा उघडला तसा तो ओरडला, "काय गं, बोंबील? अख्ख्या लॅबला वास!"

हर्षालीने मान पण वर केली नाही. "अरे, माझं यीस्ट वासावरून दिशा ठरवतं. तुझी पीएचडी कुठल्या दिशेला चाललीय, ते तरी या वासाने कळू दे!"

दुसऱ्या दिवशी रोहन स्वतःची पोळी घेऊन तिच्या टेबलावर हजर. "एक तुकडा दे ना, यार."

*

पेशीचा कल कुठे आहे ते दिसावं म्हणून ही मंडळी तिच्यात एक हिरवा ठिपका घालतात. निळा प्रकाश टाकला की तो चमकतो. ठिपका जिथे ठरतो, तिथे नाक फुटतं.

एकदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोहन किंचाळला, "मॅडम, लवकर या! सगळं हिरवं! पेशींना सगळ्या दिशा एकदम सापडल्या!"

मॅडम धावत आल्या. मायक्रोस्कोपमध्ये बघितलं. मग स्वतःचं बोट बघितलं. पिवळं!

"रोहन, काल मायक्रोस्कोपची पूजा कोणी केली?"

"मी. का?"

"हळद पण चमकते रे, गाढवा!"

तेव्हापासून त्या लॅबमध्ये दसऱ्याला मायक्रोस्कोपला फक्त झेंडू. तोही टेबलाच्या पायाला. आणि लेन्स पुसायचा सगळा कागद कुणाच्या दुकानातून गेला? माझ्या!

*

आता जरा गंभीर. बाकी सगळे पेशीचा शेवटचा फोटो काढायचे, नाक फुटलेला. हर्षाली पहिल्यापासून फिल्म काढायची. आणि तिच्या फिल्ममध्ये ठिपका आधी भलतीकडेच जायचा!

मॅडम म्हणाल्या, "चिप गळत असेल. सुरुवातीचा भाग कापून टाक."

चिप म्हणजे पारदर्शक रबराची नखाएवढी वडी, आत केसाहून बारीक वाटा. एका बाजूने वासाचं पाणी, दुसऱ्या बाजूने साधं. ती गळत असेल तर पोरीच्या सगळ्या फिल्मा कचऱ्यात आणि इतक्या वर्षांची मेहनत वाया. फेलोशिप संपत आलेली.

दुकानात येऊन बसली. डोळे लाल. "काका, चुकतात हो माझ्या पेशी. पण अडकून बसत नाहीत, नंतर वळतात! हे कापून कसं टाकू?"

मी चिपा बनवणाऱ्या अंधेरीच्या कारागिराकडे गेलो, समोर बसून नवीन चिपा करून घेतल्या. एकेक तपासली, मगच घेतली.

नव्या चिपेतही ठिपका भरकटला आणि वासाकडे वळला. हर्षालीने वासाची बाजू बदलली. ठिपका पुन्हा भरकटला आणि नव्या बाजूला वळला!

मॅडमनी दोन्ही फिल्मा पुन्हा लावून बघितल्या. मग म्हणाल्या, "ती चुकत नाहीये गं. ती शोधतेय. काही कापू नकोस, हाच तुझा थीसिस."

शेजारचा दुकानदार मला म्हणतो, "तू काय, प्लॅस्टिक विकतोस." मी म्हटलं, "प्लॅस्टिक तू विकतोस. माझ्या चिपेत दिशा ठरतात!"

*

आणि मग हर्षालीचा व्हायवा. सगळ्यांसमोर असतो, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी तिची आई, ठेवणीतलं लुगडं, अंबाड्यावर अबोलीची वेणी.

बाहेरून आलेले परीक्षक कडक. "तुमच्या पेशी आधी चुकीच्या दिशेला जातात आणि त्याला तुम्ही शोध म्हणता? मला नाही पटत."

मॅडमनी मान खाली घातली. रोहन नखं खायला लागला.

हर्षाली म्हणाली, "सर, एक फिल्म दाखवू? वास उजवीकडून येतोय."

दिवे बंद. पडद्यावर एकच पेशी, भिंतीएवढी. हिरवा ठिपका निघाला तो डावीकडे. थांबला. खाली घसरला. परत डावीकडे.

आणि माझ्या शेजारून, मासळी बाजारातला तो खणखणीत आवाज, "आगो, तिकरं नको गो! इकरं ये, इकरं!"

कुणी हसलं नाही. ठिपका थबकला. कडेकडेने सरकत सरकत उजवीकडे आला, तिथेच बसला, आणि हळूच टोक फुटायला लागलं.

दिवे लागले. परीक्षक खुर्चीच्या अगदी कडेवर आले होते, आणि त्यांचा हात हवेतच होता, पडद्याकडे, उजवीकडे बोलावत.